हात गुंतलेले, कान रिकामे

मागच्या अंकात या पानावर मी सहज लिहिलं होतं की उसवलेला स्वेटर परत विणायला घेतला, दोन ओळीतच कंटाळा आला म्हणून फोनवर काहीतरी बोलणारं लावलं, आणि तिथून मला पॉडकास्टचं वेड लागलं. चार जण वाचतील आणि विसरतील असं वाटलं होतं. पण या वेळचे सगळे प्रश्न त्याचेच आहेत, स्वेटरबद्दल एकानेही विचारलं नाही (बाही अजून अर्धीच आहे, कोणाला काळजी असेल तर). मी काही यातली तज्ज्ञ नाही, ऐकणारी एक बाई आहे, त्यामुळे उत्तरं त्याच बेताने घ्या.

ताई, हे पॉडकास्ट पॉडकास्ट म्हणतात ते नक्की काय असतं? नात म्हणते, आजोबा, रेडिओच समजा. मुलगा म्हणतो यूट्यूबच आहे ते. कोणाचं खरं मानू?
— ७१ वर्षांचे एक वाचक

काका, दोघांचं थोडं थोडं खरं आहे पण नातीचं जरा जास्त. रेडिओवर कार्यक्रम लागतो तेव्हा तुम्ही तिथे हजर असावं लागतं, इथे कार्यक्रम तुमची वाट बघत थांबतो, एवढा मुख्य फरक. मासिकाची वर्गणी भरली की दर महिन्याला अंक घरी येतो ना, अगदी तसं. एखादा पॉडकास्ट फॉलो केला की नवा भाग आला की तो आपोआप तुमच्या फोनमध्ये येऊन बसतो, आणि बहुतेक ठिकाणी ही वर्गणी फुकट असते.

आतली गंमत सांगते कारण ती कळली की पुढचं सगळं सोपं होतं. प्रत्येक पॉडकास्टच्या मागे एक साधी यादी असते, तिला आरएसएस फीड म्हणतात. भागाचं नाव, तारीख, थोडं वर्णन आणि ऑडिओची फाइल कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता, बस. तुमचं ॲप अधूनमधून त्या यादीत डोकावतं आणि नवीन काही दिसलं की उचलून आणतं. म्हणूनच एकच कार्यक्रम तुमच्या ॲपमध्येही असतो, नातीच्या वेगळ्या ॲपमध्येही असतो, तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो (काही कार्यक्रम आता एकाच ॲपवर कोंडून ठेवतात, पण ते मला तरी आवडत नाही). फीडला ऑडिओ फाइल जोडायची सोय डेव्ह वायनर यांनी २००० साली केली, मग एमटीव्हीवर पूर्वी सूत्रसंचालन करणारे ॲडम करी त्यात पडले आणि २००४ पर्यंत लोक असे कार्यक्रम फोनवर नाही तर आयपॉडवर, म्हणजे ॲपलच्या गाणी ऐकायच्या छोट्या यंत्रावर, उतरवून घ्यायला लागले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकातल्या लेखात, या नव्या प्रकाराला म्हणायचं तरी काय, असं विचारत दोनतीन नावं सुचवली, त्यातलं एक होतं पॉडकास्टिंग. आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये पॉडकास्ट आणले आणि पहिल्या दोन दिवसातच दहा लाखांवर सबस्क्रिप्शन झाली. पुढे २०२२ मध्ये आयपॉड बनवणंच बंद झालं, नाव मात्र तसंच राहिलं, घर विकलं तरी पाटी राहते तसं.

आता मुलाचं. हल्ली बरेच लोक कॅमेरा लावून गप्पा मारतात आणि तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात, त्यालाही पॉडकास्टच म्हणतात, त्यामुळे त्याचंही चूक नाही. पण तुम्ही ऑडिओवालाच घ्या. एक तर डोळे मोकळे राहतात, आणि डेटा कमी लागतो. नुसत्या बोलण्याचा तासाभराचा भाग साधारण ३० ते ६० एमबीमध्ये बसतो, तेवढ्या वेळाचा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट जातो.

टॉप चार्ट उघडला की तेच तेच दिसतं. खून, पैसा, आणि यशस्वी माणसं पहाटे किती वाजता उठतात. मला यातलं काहीच नको आहे. चांगलं ऐकायला तुम्हाला सापडतं कसं?
— एक वैतागलेली वाचक

पहाटे उठणाऱ्यांचा मलाही फार त्रास आहे. चार्टमध्ये काय ऐकलं जातंय ते दिसतं, तुम्हाला काय आवडेल ते त्याला काय माहीत. मी चार्ट उघडणं सोडलं तेव्हापासून जास्त सापडायला लागलं.

मी काय करते तर धागा धरते. विणकामाच्या एका कार्यक्रमात एक पाहुण्या आल्या होत्या, त्या कोळ्यांच्या जाड स्वेटरबद्दल बोलत होत्या, बोलता बोलता दीपस्तंभावर राहणाऱ्या माणसांचा विषय निघाला आणि दोन मिनिटात संपलासुद्धा. माझे कान टवकारलेलेच राहिले. भांडी झाल्यावर ॲपमध्ये शोधलं, दीपस्तंभ. पॉडकास्टच्या नावांमध्ये काही खास मिळालं नाही पण भागांच्या नावांमध्ये मिळालं, आणि त्यातल्या एका भागात फ्रेनेलच्या भिंगाची गोष्ट होती. म्हणजे असं की पूर्वी दीपस्तंभात दिवा असायचा तेलाचा, त्याचा उजेड चहूकडे पसरून वाया जायचा, आणि लांबवर फेकायचा तर काचेचं भिंग इतकं जाड लागलं असतं की ते वजन वर चढवायचं कसं. मग ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच माणसाने भिंगाच्या पोटातली नको असलेली काच काढून टाकून नुसत्या कडा ठेवल्या, गोल गोल पायऱ्यांसारख्या, आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या कॉर्डुआन दीपस्तंभावर ते पहिल्यांदा बसवलं. मी इस्त्री हातात धरून उभी होते, शर्ट जळता जळता वाचला. आता सांगा, स्वेटरवरून भिंगावर मला कुठल्या चार्टने नेलं असतं?

तर बघा, मोठा शब्द शोधू नका, इतिहास, विज्ञान, कला असलं टाकलं की पुन्हा तेच मोठे मोठे कार्यक्रम वर येतात. बारका शब्द टाका. घड्याळ दुरुस्ती, पिनहोल कॅमेरा, मुंग्या, जुने नकाशे, शिट्टी वाजवणं, जे तुम्हाला रात्री साडेअकराला उगाच आठवतं ते. आणि एखादा पाहुणा आवडला तर त्याचं नाव शोधा, तो आणखी चार ठिकाणी बोलून गेलेला असतो आणि त्यातला एखादा कार्यक्रम अगदी लहान असतो, कोणाला माहीत नसलेला, तोच तुमचा. भागाच्या खाली वर्णन असतं तेही वाचत जा, आम्ही अमुक यांच्याकडून हे ऐकलं असं प्रामाणिक लोक लिहितात.

कुठला भाग आधी ऐकायचा हेही बघावं लागतं. गप्पांचा कार्यक्रम असेल तर पहिला भाग ऐकू नका, पहिल्या भागात सगळेच अडखळतात, आवाजही डब्यातून आल्यासारखा असतो. मधला कुठला तरी घ्या, ज्याचं नाव बघून तुम्हाला उत्सुकता वाटते तो. पण गोष्ट क्रमाने सांगणारा कार्यक्रम असेल तर पहिल्यापासूनच ऐकायला हवं. २०१४ मध्ये 'सीरियल' नावाचा आला होता, १९९९ मधल्या एका खुनाच्या खटल्याचा मागोवा १२ भागात घेतला होता, त्यानंतर ही क्रमाने सांगायची पद्धत फार पसरली, आणि तो पाचव्या भागापासून लावला तर तुम्हाला वाटेल ही माणसं वेडी आहेत. (हो, खुनाचा आहे, नको म्हणालात, माहीत आहे.)

माझी एक कसोटी आहे, ती थोडी कडक आहे. पहिल्या सहा मिनिटांत दोन होस्ट एकमेकांच्याच विनोदावर हसत बसले आणि विषय सुरू झाला नाही, तर मी बंद करते. आवाज आवडला नाही तरी बंद करते, त्यात काही पाप नाही. पुस्तक अर्धवट टाकताना आपल्याला अपराधी वाटतं ते इथे घेऊन येऊ नका.

माझ्या ॲपवर ३४७ भाग न ऐकलेले दिसतायत. आधी मजा यायची, आता उघडायचीच भीती वाटते. छंदाचं ओझं झालंय.
— नोकरी करणारा एक वाचक

दादा, ३४७ भाग, एकेक पाऊण तासाचा धरला तर २६० तास झाले. रोज एक तास ऐकलंत आणि एकही नवा भाग आला नाही तरी साडेआठ महिने. सगळे काढून टाका. आज. सेटिंगमध्ये जाऊन सगळे ऐकलेले आहेत अशी खूण करा, ॲपला खोटं बोललं तर चालतं.

मग नोटिफिकेशन बंद करा, आपोआप डाउनलोड बंद करा, आणि फॉलो केलेल्यांमधले पाच ठेवा. बाकीच्यांची नावं एखाद्या वहीत लिहून ठेवा वाटलं तर, मी लिहिली होती आणि परत कधी वही उघडली नाही यावरून काय ते समजलं. भाग कुठे जात नाहीत, बहुतेक वेळा तिथेच पडून असतात. आणि सगळ्याच फीड चालू राहतात असंही नाही, कितीतरी जण हौसेने सुरू करतात, सातआठ भाग काढतात आणि निरोप न घेता गप्प होतात, या प्रकाराला पॉडफेड असा शब्दसुद्धा आहे. ऐकणाऱ्यालाच तेवढी शिस्त कशाला?

मैत्रिणीला म्हटलं २२व्या मिनिटाला ऐक काय भारी बोललाय. तिने लावलं तर तिथे गादीची जाहिरात. ती मला हसतेय. मी नीट बघून सांगितलं होतं!
— खोटी ठरलेली एक वाचक

तुम्ही खोट्या नाही. हल्ली बऱ्याच कार्यक्रमांत जाहिराती मूळ फाइलमध्ये पक्क्या नसतात, तुम्ही डाउनलोड करता त्या क्षणी सर्व्हर त्या मधे चिकटवतो, तुम्ही कुठे आहात, कधी मागताय त्याप्रमाणे. तुमच्या फाइलमध्ये सुरुवातीला दोन जाहिराती, तिच्यात चार, की झालं, पुढचं सगळं दीड दोन मिनिटांनी सरकलं. म्हणूनच दहा वर्षांपूर्वीच्या भागात कालपरवाची जाहिरात ऐकू येते. मिनिट सांगू नका, आधीचं वाक्य सांगा. किंवा चॅप्टर, म्हणजे भागाचे नाव दिलेले तुकडे, असतील तर चॅप्टरचं नाव सांगा. मैत्रिणीला हे पान दाखवा.

आमच्या घरात भांडण आहे. हे सगळं दीडपट स्पीडने ऐकतात. मला ते खारीच्या भांडणासारखं वाटतं. असं ऐकून काही डोक्यात शिरतं का?
— एक गृहिणी

शिरतं हो, थोडंफार शिरतं. तासाचा भाग ४० मिनिटांत संपतो हे त्यांचं गणित बरोबरच आहे. पूर्वी कॅसेट जोरात फिरवली की आवाज चिरका व्हायचा, आता तसं होत नाही कारण ॲप आवाजाचे अगदी बारीक तुकडे करून, मधले थोडे गाळून, उरलेले एकमेकांवर किंचित चढवून जोडतं, त्यामुळे वेग वाढतो पण आवाजाची पट्टी तीच राहते. काही ॲप नुसत्या बोलण्यामधल्या शांत जागा कापतात, ते मला जास्त पटतं, पण तेही मुलाखतीत नको, कारण प्रश्न विचारल्यावर माणूस तीन सेकंद गप्प बसतो ना तेच तर उत्तर असतं कधी कधी. बातम्या, माहिती, यंत्राची ओळख असलं दीडपट ऐकू दे त्यांना. गोष्ट, विनोद आणि आठवणी मात्र साध्या चालीने. आणि इअरफोन लावून ऐकू दे, म्हणजे भांडणच मिटलं.

इअरफोनवरून आठवलं म्हणाल, माझी मुलगी दिवसभर कानात बोळे घालून असते. हाक मारली तर ऐकू येत नाही. कान खराब होतील का?
— काळजीत असलेली आई

हाक ऐकू येत नाही त्यातलं निम्मं वयाचं आहे, ते सोडून द्या. उरलेल्या निम्म्याकडे मात्र लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, लहान मुलांसाठी ७५. डेसिबलचं गणित सरळ नसतं, दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८० ला ४० तास तर ८३ ला २०, ८६ ला १०, आणि ९० पर्यंत गेलं की आठवड्याचे चारच तास उरतात.

बोलणं ऐकायला एवढा आवाज लागतच नाही खरं तर. माणसं आवाज वाढवतात ती बाहेरचा गोंगाट झाकायला, बसमध्ये, गाडीत, मिक्सर चालू असताना. म्हणून मोठ्या आवाजाऐवजी कानात नीट बसणारे किंवा बाहेरचा आवाज कमी करणारे इअरफोन दिले तर आवाज आपोआप खाली येतो. बऱ्याच फोनमध्ये आता आठवड्याभरात किती मोठ्याने ऐकलं ते दाखवायची सोयही असते, ती तिलाच बघू द्या, तुम्ही सांगितलेलं ती एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडेल, तिथे तर इअरफोन आहे. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत, त्यावर घासाघीस नाही.

झोपताना लावते आणि झोप लागते, सकाळी पाच भाग पुढे गेलेले असतात.
— एक वाचक

स्लीप टाइमर. ॲपमध्ये छोटा चंद्र किंवा घड्याळ दिसेल, १५ मिनिटं लावा, किंवा हा भाग संपला की थांब असं लावा. आणि झोपेसाठी आधी ऐकलेलाच भाग घ्या, शेवट माहीत असला की डोकं लवकर सोडून देतं.

मी खूप ऐकतो, पण आठवडाभराने विचारलं तर एक गोष्ट सांगता येत नाही. मग हा छंद म्हणायचा की नुसता टाइमपास?
— कॉलेजात शिकणारा एक वाचक

नुसता टाइमपास असला तर काय बिघडलं रे? पण तुला ते खुपतंय म्हणून विचारलंस, तर बघ, तू ऐकताना काय करत असतोस? मला वाटतं मेसेज वाचत असशील. एकाच वेळी वाचायचं आणि ऐकायचं म्हणजे शब्दांना शब्दांची टक्कर, त्यात कानातले शब्द हरतात. हात गुंतवणारी आणि शब्द न लागणारी कामं घे, चालणं, कपडे घडी घालणं, सायकल पुसणं, रंग देणं. माझ्या बाबतीत तर काम आणि भाग चिकटूनच बसतात, त्या उसवलेल्या बाहीकडे बघितलं की मला अजून तो दीपस्तंभ आठवतो.

आणि भाग संपला की लगेच दुसरा लावू नकोस. दहा मिनिटं तसंच राहा. मी त्या दहा मिनिटांत तीन ओळी लिहिते, काय ऐकलं याच्या नाही हं, मला काय वाटलं याच्या. मागे एकदा लिहिलं होतं, या बाईंचा आवाज आत्याच्या आवाजासारखा आहे आणि त्या आत्यासारख्याच चुकीच्या ठिकाणी हसतात. विषय काय होता ते आता आठवत नाही, आत्या मात्र दिवसभर आठवत राहिली. याला छंद म्हणायचं की टाइमपास ते तू ठरव.

एक सावधगिरी. फॉलो केलेल्यांची यादी एकदा बाहेर काढून ठेव, बहुतेक ॲपमध्ये ओपीएमएल एक्स्पोर्ट म्हणून असतं, छोटीशी फाइल मिळते आणि ती दुसऱ्या ॲपमध्ये टाकता येते. मी आधी वापरत होते ते ॲप बंद झालं, महिनाभर आधीपासून सूचना येत होत्या, मी त्यांच्याकडे कानाडोळा केला आणि दोन वर्षांची यादी गेली. कानाला खडा.

मलाही पॉडकास्ट सुरू करायचाय, गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल. माईक कुठला घेऊ?
— ३० कुंड्यांची मालकीण

आत्ता कुठलाच घेऊ नका. फोन आहे ना, त्याचंच रेकॉर्डर उघडा आणि कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर बसा, गच्चीवर नाही. लटकलेले कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात, उघड्या भिंतीच्या खोलीत केलंत तर विहिरीतून बोलल्यासारखं येतं. पंखा बंद. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि जरा बाजूला धरा, अगदी समोर धरलात तर प, फ, ब, भ म्हणताना हवेचा फटका बसून फटफट आवाज येतो, आणि तुमचा विषय फुलं आणि पानं आहे, म्हणजे दर वाक्याला फटका.

तीन भाग करा आणि कोणाला न सांगता ठेवून द्या. आठवड्याने स्वतः ऐका, भांडी घासताना, अनोळखी माणूस ऐकेल तसं. पहिल्या भागात स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, सगळ्यांना वाटते, कारण रोज आपण आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला भाग नसतो म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. बाकीचे तुम्हाला तसंच ऐकत आलेत, त्यांना त्यात काही नवीन वाटणार नाही. तिसऱ्या भागापर्यंत तुम्हाला कुंड्यांबद्दल अजून बोलावंसं वाटलं तर माईकचं मला परत विचारा, आणि हो, कुठलं तरी झाड मेलेलं असेल तर पहिला भाग त्याच्यावर करा, मी नक्की ऐकेन.